‘चल मेल्या, भियालस काय?’ : आपल्या मुलांना ‘नाही’ म्हणायला कसं शिकवायचं

मे महिन्यात आमच्या वाडीतल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादीन असते. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात, मोठी माणसं थोडी थोडी घेतात, पोरं काळोखात इकडेतिकडे धावत असतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका लादिनीला माझा १३ वर्षांचा मुलगा मागच्या गडग्यापाशी मोठ्या पोरांबरोबर अर्धा ग्लास हुर्राक (काजूची दारू) प्याला. मला कळलं तीन आठवड्यांनी, तेही दुसऱ्याच एका आईकडून. मी त्याला विचारलं तर म्हणाला, सगळे घेत होते मम्मी, मी एकटाच नको कसा म्हणणार. त्याने घेतली याच्यापेक्षा तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही हे मला जास्त लागलं. आणि मी कोण, तर दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांना कॅटेकिझम (धर्मशिक्षण) शिकवणारी. दहा आज्ञा त्याला तोंडपाठ होत्या, वेळेवर एकही उपयोगी पडली नाही.

तेव्हापासून घरात आणि माझ्या वर्गात जे करून बघितलं ते इथे लिहितेय. आपल्या सिंधुदुर्गातल्या, रत्नागिरीतल्या, वर वसईपर्यंतच्या ख्रिस्ती आईबाबांना उपयोगी पडेल असं वाटतं.

सगळ्यात आधी एक काम करा, आठवडाभर फक्त ऐका. उपदेश अजिबात नको. मासे साफ करताना, गाडीवर मागे बसवून नेताना सहज विचारायचं, तुमच्या वर्गात हल्ली कोणाला काय करायला लावतात रे? ‘तुला’ नाही विचारायचं, ‘कोणाला’ विचारायचं, मग मुलं बोलतात. मला वाटत होतं दारू आणि सिगरेट एवढंच असेल, पण निघालं भलतंच. गुटखा आहेच, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही शाळेजवळ मिळतो. पण त्याशिवाय परीक्षेत मागच्याला पेपर दाखव नाहीतर ग्रुपमधून काढतो, रविवारी सकाळी ९ ला मॅच असते आणि मिस्सा असं कारण सांगितलं की हसतात, क्रिकेटवर पैसे लावायचं अ‍ॅप, लायसन नसताना आंबोलीपर्यंत गाडी हाणायची, पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात उडी मार, नाहीतर एखाद्या गरीब मुलीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि सगळ्यांनी हसायचं. हे शेवटचं मला दारूपेक्षा वाईट वाटतं, कारण त्यात दुसऱ्याच्या लेकराची राख होते आणि आपल्या मुलाला वाटतं मी तर फक्त हसणारी इमोजी टाकली.

दडपण कशाला म्हणायचं आणि कशाला नाही हेही त्याच आठवड्यात स्वतःशी ठरवून टाका. चतुर्थीला मुलगा मित्राच्या घरी गणपतीला गेला, मोदक खाल्ले, रात्री भजनाला बसला तर ते दडपण नाही, ती शेजारधर्माची माया आहे, तीच पोरं नाताळात आपल्याकडे नेवऱ्या आणि दोदोल खायला येतात. आरतीच्या वेळी काय करायचं ते घरात आधीच बोलून ठेवा, आमच्याकडे ठरलंय की आदराने शांत उभं राहायचं, मुलाला तिथे ऐनवेळी गोंधळायला लागत नाही. काही पालक प्रत्येक वेगळ्या गोष्टीला ‘वाईट संगत’ म्हणतात, मग खरी वाईट संगत आली की मुलाला तो शब्दच पोकळ वाटतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की कुसंगतीने नीती बिघडते, ते खरंच आहे, पण येशू स्वतः जकातदारांच्या पंगतीला बसला हेही त्याच नव्या करारात आहे. मुलाला विचारायचा प्रश्न एवढाच, की तिथे बसल्यावर तू त्यांना बदलतोस, ते तुला बदलतात, की दोघं आहात तसेच राहून एकमेकांवर प्रेम करता?

आता दुसरं काम, आणि इथे जरा वेळ घ्या. मुलाला सांगा की तू आयुष्यातला पहिला ‘नाही’ कधीच म्हणून झालायस. बाप्तिस्म्याच्या विधीत आधी काय होतं आठवा. फादर आधी विचारतात, सैतानाचा त्याग करता का? त्याच्या कृत्यांचा? त्याच्या खोट्या दिमाखाचा? तीनदा नाकारून झाल्यावरच ‘पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का’ असं तीनदा विचारतात. म्हणजे आधी तीन नकार, मग तीन होकार. तान्ह्या बाळाच्या वतीने ते त्याच्या आईवडिलांनी आणि पादिन-मादिनने (धर्मपिता-धर्ममातेने) म्हटलेलं असतं, आणि दर ईस्टरच्या रात्री हातात मेणबत्ती घेऊन आपण सगळे ते परत म्हणतो, पण घाईघाईत.

आम्ही काय करतो, मुलाचा बाप्तिस्म्याचा दिवस वाढदिवसासारखा पाळतो. केक नसतो, तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला की बाप्तिस्म्याचीच मेणबत्ती लावायची, हरवली असेल तर साधी चालते, आणि ते सहा प्रश्न घरातल्या बोलीत विचारायचे. मग मुलाने स्वतः एक गोष्ट सांगायची की या वर्षी मी कशाला नाही म्हणणार. माझ्या मोठीने गेल्या वर्षी सांगितलं, मी ग्रुपवर कोणाच्या रंगावरून काही लिहिणार नाही. मला हे सुचलंही नसतं. तिने ते स्वतः निवडलं म्हणून पाळलं, मी लादलं असतं तर आठ दिवस टिकलं नसतं.

गोष्टी सांगणं हे तिसरं काम. इथे आपण कॅटेकिझमवाले नेहमी एक चूक करतो, फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगतो. बायबलमधल्या दानीएलने राजाच्या ताटातलं खायला नकार दिला, शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो भट्टीत गेले पण वाकले नाहीत. सांगाच, त्यात दानीएलची एक युक्ती मुलांना फार आवडते, की त्याने भांडण केलं नाही, कारभाऱ्याला नम्रपणे म्हणाला दहा दिवस आम्हाला डाळभाजी आणि पाणी देऊन बघा आणि मग ठरवा. नकार असा गोड बोलूनही देता येतो हे मुलांना माहीतच नसतं.

आपल्याच किनाऱ्यावरचा संत गोन्सालो गार्सिया आहे, वसईत जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्याबरोबरच्या त्या २६ जणांत १२ वर्षांचा एक जपानी मुलगाही होता. पण खरं सांगू, लहानांना मी ही गोष्ट उशिरा सांगते. आठवीतल्या मुलासमोर प्रश्न जिवाचा नसतो, त्याच्यासमोर प्रश्न असतो की उद्या डबा खाताना माझ्या बाजूला कोण बसेल. त्याला तेवढ्याच मापाची गोष्ट लागते.

म्हणून हरलेल्यांच्या गोष्टी. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हेरोद राजाचा वाढदिवस आहे. पाहुणे बसलेत, मुलगी नाचली, तो सगळ्यांदेखत बोलून बसला की मागशील ते देईन, तिने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागितलं. मार्कने स्पष्ट लिहिलंय की राजाला फार वाईट वाटलं, पण दिलेल्या शपथेमुळे आणि पाहुण्यांमुळे त्याला तिला नाकारवलं नाही. पाहुण्यांमुळे! एवढा राजा, हाताशी शिपाई, आणि जेवायला आलेल्या लोकांना काय वाटेल म्हणून एका निर्दोष माणसाचा जीव गेला. माझ्या वर्गात हे वाचून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, टीचर हे तर आमच्या बर्थडे पार्टीसारखंच आहे. दुसरी गोष्ट रहबाम राजाची, जुन्या करारातल्या १ राजे १२ मध्ये. म्हाताऱ्यांनी सांगितलं लोकांशी मऊ बोल, ते त्याने सोडलं आणि बरोबर वाढलेल्या दोस्तांचं ऐकलं, राज्याचे दोन तुकडे झाले. गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका, फक्त विचारा, तू तिथे दोस्त असतास तर त्याला काय सांगितलं असतंस? अर्धा तास बोलतात.

चौथं काम म्हणजे सराव, आणि हा घरोघरी राहून जातो. पोहायला शिकवताना आपण पोराला विहिरीत उतरवतो, कंबरेला दोर बांधतो. ‘नाही’ म्हणायला मात्र नुसतं सांगतो. मी घरात नाटक करते, मी मोठा पोरगा होते आणि मुलगा स्वतः, आणि मी खरोखरच टोचून बोलते. ‘चल मेल्या, भियालस काय?’, ‘आवशीचो झील’, ‘पाववालो तो, त्येका काय विचारतास’. पहिल्यांदा मुलगा हसतो, मग रडकुंडीला येतो, मग त्याला शब्द सापडतात. ते शब्द पुस्तकी नकोत, ‘मला हे योग्य वाटत नाही’ असं कोणी पोरगं पोरांत बोलत नाही. त्याच्या बोलीतलं असू दे, ‘माका नको रे, तुमी घेवा’, ‘आज नाय जमाचा’, ‘माका घराकडे जावचा आसा’. एकदाच बोलायचं, कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर वाद घालतो, डोकं दुखतंय म्हटलं तर गोळी काढून देतो! येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय की तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं, ते शपथांबद्दल आहे हे खरं, पण शाळेच्या मागच्या मैदानावरही ते बरोबर लागू पडतं.

आणि नाही म्हटल्यावर हाताला काहीतरी काम हवं. ग्लास नाकारला तर हातात सरबत धरायचं, व्हिडिओ दाखवला तर उठून पाणी प्यायला जायचं, रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या मुलाला पाच मिनिटांत परत विचारतात. रविवारच्या मॅचचं आम्ही वेगळं केलं, मुलाला शिकवलं की मॅचच्या सकाळी नको सांगूस, बुधवारीच कॅप्टनला सांग की मी साडेदहानंतर येणार, मला खालच्या नंबरला ठेव. कधी ठेवतात, कधी टीममधून काढतात. काढलं तेव्हा तो दिवसभर गप्प होता. त्याला काही खोटं सांगायला मी गेले नाही, की देव तुला दुसरं काही देईल वगैरे, नुसती बाजूला बसले आणि संध्याकाळी आम्ही बंदरावर गेलो.

लहान मुलांसाठी, म्हणजे चौथीपर्यंत, हे सगळं नको, दोन वाक्यं पुरेत : ‘मला नको’ आणि ‘मी मम्मीला विचारते’. सहावी-सातवीला नाटक सुरू करा. नववी-दहावीला, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराच्या) तयारीच्या आसपास, मुलांनाच लहानांचं नाटक घ्यायला लावा, शिकवताना त्यांचं पक्कं होतं.

पाचवं, जोडीदार. १९५१ च्या सुमारास सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक प्रयोग केला होता, कागदावरच्या रेघांपैकी कुठली सारख्या लांबीची ते सांगायचं, उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसतं, पण खोलीतली बाकीची माणसं ठरवून चुकीचं सांगतात. साधारण एक तृतीयांश वेळा लोकांनी डोळ्यांना दिसणारं सोडून समूहाचं चुकीचं उत्तर दिलं. पण खोलीत फक्त एक माणूस जरी खरं बोलणारा ठेवला तरी हे प्रमाण एकदम खाली आलं. एकच माणूस! मी हे वाचलं तेव्हा मला मार्क ६:७ आठवलं, येशूने बारा जणांना दोघं दोघं करून पाठवलं. म्हणून मुलाला दहा चांगले मित्र शोधायला सांगू नका, एक पुरे. तो ख्रिस्तीच असायला पाहिजे असंही नाही, माझ्या मुलाचा जोडीदार शेजारचा हिंदू मुलगा आहे, माळकरी घरातला, तोही घेत नाही. दोघांनी आधी ठरवायचं की अमुक ठिकाणी गेलो तर एकाने नको म्हटलं की दुसऱ्याने लगेच ‘माका पण नको’ म्हणायचं.

पादिन-मादिनलाही इथे कामाला लावा. बाप्तिस्म्याला सोन्याची चेन देऊन त्यांचं काम संपलं असं आपल्याकडे झालंय. मी माझ्या मुलांच्या पादिन-मादिनला स्पष्ट सांगितलं, जी गोष्ट पोरं मला सांगू शकणार नाहीत ती तुम्हाला सांगतील, आणि ती माझ्यापर्यंत आणायची की नाही ते तुम्ही ठरवा, जिवावरचं असेल तर मात्र आणायची. हे बोलताना मला अवघड गेलं, आईला वाटतं सगळं आपल्यालाच कळावं.

सहावं, पळायची वाट. उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात मालक पोटीफरच्या बायकोने योसेफाचं वस्त्र धरलं तेव्हा तो वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. काही ठिकाणी शूरपणा म्हणजे पळणंच. आमच्या घरात एक मेसेज ठरलाय, ‘मांजर घरात आलं का?’ एवढंच. तो आला की मी किंवा त्याचे पप्पा एका मिनिटात फोन करतो आणि आवाज चढवून म्हणतो, आत्ताच्या आत्ता घरी ये, मी न्यायला निघालेय. आधी मी ‘पाहुणे आलेत’ असं सांगायचे, मग मलाच बोचायला लागलं, मुलाला पापातून काढायला मी ‘खोटं बोलू नको’ ही आठवी आज्ञा मोडतेय. आता जे बोलतो ते खरंच असतं, ये म्हणजे ये. पोरं म्हणतात तुझी मम्मी लय कडक, म्हणू देत. आणि यात एक वचन मी त्याला दिलंय जे पाळणं सगळ्यात कठीण, की तू कुठेही असलास, गोव्याच्या हद्दीत पेडण्याला असलास तरी मी येईन आणि गाडीवर एक प्रश्नही विचारणार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

गाडीवरून आठवलं, लायसन नसलेल्या मुलाच्या हातात किल्ली देणारे आपणच असतो. २०१९ च्या सुधारित कायद्याने पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या दडपणाबद्दल बोलताना आपल्यावरच्या दडपणाचं बोलावंच लागेल. मोठीच्या पहिल्या कम्युनियनला मी ऐपतीबाहेरचा ड्रेस घेतला, कारण बाकीच्या आया घेत होत्या. तिने तेव्हा विचारलं होतं, आपल्याकडे पैसे नव्हते ना मग का घेतला. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. पाच वर्षांनी तेच वाक्य माझ्या मुलाने खुरसामागच्या त्या रात्रीबद्दल वेगळ्या शब्दांत म्हटलं. रोसाला (लग्नाआधीच्या हळदीसारख्या विधीला), लग्नाला, फेस्ताला (चर्चच्या सणाला) घरातला मोठा माणूस ‘घे रे, आजचा दिवस’ म्हणून ग्लास पुढे करतो, तेव्हा मुलं कोपऱ्यातून बघत असतात की पप्पा काय करतात. माझ्या नवऱ्याने लादिनीला घेणं त्या वर्षापासून बंद केलं. त्याने भाषण दिलं नाही, चणे खाल्ले आणि पाणी प्याला, आणि दोन माणसांनी टोमणे मारले ते मुलाने ऐकले.

मार खाणं, पैसे उकळणं, घाणेरडे फोटो मागणं, धर्मावरून रोज छळणं, हे मात्र दडपण नव्हे, हा गुन्हा आहे. इथे मुलाला ‘दुसरा गाल पुढे कर’ सांगू नका. शाळेत लेखी द्या, चाइल्डलाइनचा १०९८ नंबर मुलाला पाठ करायला लावा, गरज पडली तर पोलीस.

आता सातवं, जे मी सगळ्यात उशिरा शिकले. मूल पडणार. सगळं शिकवून, नाटक करून, मेणबत्ती लावून पडणार. त्या रात्रीसाठी येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट ठेवा, आणि ती पूर्ण सांगा. येशूला पकडून महायाजकाच्या वाड्यात नेलं होतं, तिथे थंडी होती म्हणून नोकरांनी कोळशाचा विस्तव केला होता आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. त्याला तलवार दाखवून कोणी विचारलं नाही, दारावरच्या एका मुलीने सहज विचारलं, तू त्याचाच ना? आणि लोक म्हणाले, तुझ्या बोलीवरून कळतंय. गालीलची बोली. आपली मुलं पुण्या-मुंबईला कॉलेजला गेल्यावर मालवणी लपवतात ना, तसंच. गेथशेमानेच्या बागेत तलवार उपसणारा माणूस विस्तवाशेजारच्या चार लोकांपुढे तीनदा नाही म्हणाला. चुकीचा ‘नाही’.

मग योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय. रात्रभर जाळी टाकून काही नाही, पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा, जाळ्यात १५३ मोठे मासे. आणि वाळूवर काय, तर परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. मूळ ग्रीकमधला कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. ज्या वासात पेत्र पडला त्याच वासात येशूने त्याला बसवलं, आणि आधी काय म्हणाला? या, न्याहारी करा. ‘का केलंस’ हे त्याने विचारलंच नाही. खाणं झाल्यावर तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, म्हणजे तीन चुकीच्या नकारांवर तीन होकार, आणि प्रत्येक होकारानंतर एक काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ. आणि हाच पेत्र पुढे अंत्युखियात परत लोकांना भिऊन पंगतीतून उठला, गलतीकरांच्या पत्रात पौलाने लिहिलंय. तरी तो पेत्रच राहिला. मुलांना हे जरूर सांगा, एकदा सावरलं की परत कधीच पडणार नाही असं त्यांना वाटू देऊ नका.

घरात हे असं करायचं. कळल्या क्षणी बोलायचं नाही. आधी जेवायला वाढायचं. झोपू द्यायचं. दुसऱ्या दिवशी दोघंच असताना विचारायचं, काय झालं ते पहिल्यापासून सांग, आणि मध्ये तोंड उघडायचं नाही, मला हे अजून जमत नाही, मी तोंडात बडीशेप धरते. मग विचारायचं, परत ती वेळ आली तर कुठल्या क्षणी निघता आलं असतं? तो क्षण सापडला की त्याचंच नाटक करायचं. फादरांकडे कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) त्याने स्वतः जावं, हात धरून नेऊ नका, आणि बाहेर आल्यावर काय बोललास विचारू नका. दुखावलेलं कोणी असेल तर जाऊन माफी मागायची, इथे सूट नाही. आणि शेवटी एक काम द्यायचं, शिक्षा म्हणून नाही, विश्वास म्हणून, लहान भावाला शाळेत सोडणं असेल, वर्गातल्या धाकट्यांना सांभाळणं असेल.

गेल्या शिमग्याच्या रात्री पावणेबाराला माझ्या फोनवर आलं, ‘मांजर घरात आलं का?’ मी गाऊनवरच ओढणी घेतली आणि गाडी काढली. तो तिठ्यावर उभा होता, त्याच्या तोंडाला वास येत होता, म्हणजे मेसेज अर्धा ग्लास उशिराच आला होता. मी काही विचारलं नाही. घरी येऊन चूल पेटवली, दुपारचे दोन बांगडे होते ते निखाऱ्यावर ठेवले आणि पेज गरम केली. तो म्हणाला, मम्मी, सकाळी सांगतो. मी म्हटलं, आधी जेव.